अंबुलीच्या काड्या

काड्या निवडायला बसलो तेव्हा मुलीने आमच्या दोघांच्या मधे परात ठेवली. परात तिच्या आईची, पितळेची, एका बाजूने काठ चेपलेली. तीत माझ्या सासुरवाडीच्या, दाभोशाच्या ओहोळातून आदल्या दिवशी आणलेली अंबुली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्यामुळे अजून टवटवीत होती. मेथीची जुडी सोडावी तसा मी तो झुबका हाताने फाडायला लागलो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, ओढू नका. मुळं अडकलेली असतात एकमेकांत. पाण्यात बुडवून नुसतं हलवा, सुटतात."

मी हलवलं. सुटली.

अंबुली म्हणजे आमच्याकडे पावसाळा सरता सरता भाताच्या खाचरांत आणि ओहोळांच्या कडेला उगवणारी बारीक पाणवनस्पती. पाण्याबाहेर तिची पानं लहान आणि कातरलेल्या कडांची असतात. पाण्याखाली तीच काडी पिसासारखी पानं काढते. सगळं आयुष्य जव्हारमध्ये काढूनही मला हे ठाऊक नव्हतं. मुलीने ते शोधलं, ती शिकत असताना. नावही तिनेच कुठल्याशा पुस्तकात पाहून सांगितलं. शेतकरी तिला तण म्हणून उपटतात आणि बांधावर टाकतात.

पण मी लिहायला बसलो आहे ते झाडांसाठी नाही. माझ्या पत्नीबद्दल आमच्या गोतावळ्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं हसत हसत सांगितली जाते. पत्नीला जाऊन वर्ष झालं तरी ती सांगणं थांबलेलं नाही. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि सांगणाऱ्यांत मीच पुढे होतो.

मुलगी बारावीला असताना आमच्या ओटीवर फिशटँक आला. नाशिकहून आणलेली साधी काचेची पेटी. मासे दवाखान्याच्या हौदातले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तिथे गप्पी मासे सोडलेले असत, मागितले की कोणीही देई. झाडं मात्र मुलीची. आजोळी, दाभोशाला गेली असताना तिने अंबुलीची एकच काडी आणली होती. ती वाढली की शेंडा कापायचा, तो शेंडा शेजारी वाळूत खोचायचा आणि खालच्या खुंटाला फुटवे येऊ द्यायचे. असं करत करत एका काडीची तिने काचेमागे हिरवी भिंत उभी केली.

पत्नीला आधी हे खूळ वाटलं. "खाता येत नाही, देवाला वाहता येत नाही, मग ही शेती कशाची गं?" असं ती म्हणाली होती. पण मुलगी काड्या निवडायला बसली की हळूहळू तीही परातीशी येऊन बसू लागली. खालची पानं खुडायचं काम तिचं. कोथिंबीर निवडून तयार झालेला हात, काडीला इजा न होता पान निघायचं. मुलगी एरवी आईशी फार बोलणारी नव्हती, त्या परातीभोवती बोलायची. कचेरीतून येताना फाटकापासून मला दोघींचा आवाज ऐकू यायचा. मी मुद्दाम जरा सावकाश आत जायचो.

पाण्याचं काम पत्नीने आपणहून अंगावर घेतलं. आमच्याकडे पाऊस कोसळतो, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरच्या पाण्यात टीसीएल टाकलेली असते, पाणी शुद्ध करायची पांढरी, उग्र वासाची पावडर. माणसाला ती चालते, माशाला नाही. म्हणून फिशटँकचं पाणी ती वेगळ्या निळ्या ड्रममध्ये भरून अंगणात ठेवायची. वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची. ती डावरी होती, तिची गाठ उलटी पडायची. दोन-तीन दिवस वास उडू द्यायचा, मग वाकून पाणी हुंगायचं, मगच ते टँकमध्ये ओतायचं, असा तिचा नेम होता.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनाची. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे मला कळत नव्हतं असं कोणी माझ्या बाजूने म्हणू नये. मुलीची बारावी झाली त्या मे महिन्यात पाड्यांवर जुलाबाची साथ होती. टँकरमध्ये पावडर वाढवा, असा निरोप आला होता आणि तो टँकरवाल्यांपर्यंत पोचवणारा मीच होतो.

मुलगी प्रवेशपरीक्षेसाठी नाशिकला गेली होती. मला दुसऱ्या दिवशी मोखाड्याला, कचेरीतल्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला जायचं होतं. वरचे अधिकारी येणार होते आणि माझी स्कूटर लाल धुळीने माखलेली होती. पत्नी गिरणीत गेली होती. नळ कोरडा होता. अंगणात ड्रम भरलेला होता. मी फडकं सोडलं आणि त्या पाण्याने स्कूटर धुतली.

ड्रमचा तळ दिसला तेव्हा भानावर आलो. मे महिन्यात, शेजारच्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना स्कूटर धुतली, म्हणून पत्नी मला बोलली असती. बोलली असती ते बरोबरच होतं. तेवढ्यात गल्लीत टँकर आला. मी पाइप लावून ड्रम पुन्हा होता तेवढा भरला. फडकं बांधलं आणि गाठही तिच्यासारखी उलटी मारली.

ती आली. "स्कूटर बरी चकचकीत दिसतेय," म्हणाली.

"फडक्याने पुसली," मी म्हणालो.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी सांगायला विसरलो. ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती ड्रमवरचं फडकं सोडत होती. तिला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं होतं. तरी वाकून तिने पाणी हुंगलं. मला म्हणाली, "संध्याकाळी ती येतेय ना, पाणी बदलून ठेवते. खूश होईल." मी ऐकलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, उशीर झाला होता, आणि थोड्याशा पावडरीने काय होतंय, असंही वाटलं. मी स्कूटरला किक मारली.

लग्न चांगलं झालं. अधिकाऱ्यांच्या पंगतीत मला जागा मिळाली.

परतलो तेव्हा ती टँकसमोर जमिनीवर बसली होती. मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. एखाददुसरा अजून तोंड उघडत होता. पिसासारखी पानं पांढुरकी पडून गळायला लागली होती आणि पाणी गढूळ झालं होतं. "मला वास नाही हो आला," ती म्हणाली. "मी हुंगलं होतं. सर्दी आहे ना मला, वासच नाही आला." मग उठली आणि मुलगी यायच्या आत सगळं साफ करायचं म्हणून मासे काढले, काड्या मुळासकट उपटल्या आणि परसात केळीच्या आळ्यात टाकल्या. मुलीला ते तसं दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

मी म्हणालो, "होतं असं. जाऊ दे."

मुलगी आली. रिकामी पेटी पाहिली. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. ओटीवरून तिचा आवाज आला, मोठा नव्हता. "आई, तुझ्या हातून काही जगत नाही."

आमचं पहिलं मूल मुलगा होता. तो काही दिवसच राहिला. मुलीला हे माहीत होतं. बोलताना ते तिच्या मनात नसणार, त्या वयात तोंडातून जे येतं ते येतं. मला फक्त परात भिंतीला उभी करून ठेवल्याचा आवाज आला. त्या वेळी दोन पावलं बाहेर येऊन एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. मी पेला विसळला आणि पालथा घातला.

मुलगी महिनाभर आईशी कामापुरतं बोलली. मग नाशिकला होस्टेलवर गेली. पुढे तिथेच नोकरी आणि लग्न. त्या दोघींचं भांडण कधी झालं नाही. नुसत्या परातीभोवतीच्या त्या गप्पा परत सुरू झाल्या नाहीत. सणाला आली की ती आईला स्वयंपाकात मदत करायची आणि गप्पा मारायला माझ्याजवळ येऊन बसायची. ते मला आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

गोष्ट मात्र पसरली. पत्नीच्या धाकट्या बहिणीने ती दाभोशाला नेली. लग्नाकार्यात पत्नी पाण्याचा जग घेऊन फिरायला लागली की कोणीतरी म्हणायचं, "अगं, हिच्या हातचं पाणी जपून प्या." हशा व्हायचा. ती पण हसायची. आणि मी? मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर, मी म्हणालो होतो, "आमच्या हिने माशांना असं पाणी पाजलं की त्यांनी परत पाणी मागितलं नाही." व्याही पोट धरून हसले. मला वाटलं, आपण आता अशा गोष्टी किती सहज सांगतो.

पत्नीला तेव्हापासून एक सवय लागली होती. पाणी कोणालाही देण्याआधी ती हंड्यावर वाकून हुंगायची. पाहुण्यांना द्यायचं असो, देवाला असो, तुळशीला असो. टँकर बंद होऊन नळाला बरं पाणी यायला लागलं, तरी हुंगायची. कधी मला बोलवायची. "अहो, जरा बघा, वास येतो का? माझ्या नाकाचा भरवसा नाही." मी बघायचो आणि सांगायचो, नाही येत. घरात पाणी किती वेळा लागतं, हे ज्याच्या मनात असं काही असतं त्यालाच कळतं.

शेवटच्या आजारात ती नाशिकच्या दवाखान्यात होती. मी भांडं ओठांशी नेलं तेव्हा तिने डोळे मिटलेलेच ठेवून आधी नाक पुढे केलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चांगलं आहे, पी." ती प्यायली. एवढंच बोललो.

आता हे सगळं बाहेर कसं आलं ते सांगतो.

वर्षश्राद्धाला मुलगी आली आणि चार दिवस राहिली. माळा आवरताना जुन्या गाद्यांमागे तिला फिशटँक सापडला. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे असता. लावून देते, बघायला काहीतरी होईल." म्हणून आम्ही अंबुली आणायला जीपने दाभोशाला गेलो. पत्नीच्या बहिणीने आम्हाला ओहोळाची चांगली जागा दाखवली आणि काठावर उभी राहून माझी चेष्टा करत राहिली.

"काय भावोजी, या वयात मासे पालनार? आता पानी कोन भरनार?"

"मीच भरणार."

"मग जगतील बिचारे. माझी बहीन असती तर परत मेले असते सगले." ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तिचं बहिणीवर प्रेम होतं. तरी बहिणीची म्हणून तिला आठवली ती हीच गोष्ट. येताना जीपमध्ये मुलगी बाहेर बघत बसली होती. मांडीवरच्या गोणपाटातून पाणी ठिबकून तिची साडी भिजत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परात घेऊन बसलो. मुलगी शिकवत होती, मी शिकत होतो. काळं पडलेलं, मऊ झालेलं खोड आधी कापून टाकायचं. मग पेराच्या अगदी खाली काप घ्यायचा, कारण मुळं पेरातून फुटतात. खालच्या दोन पेरांची पानं काढायची, नाहीतर ती वाळूत कुजतात. गोगलगायीची अंडी जावीत म्हणून काड्या थोडा वेळ तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, मग साध्या पाण्यातून काढायच्या. टँकमध्ये तिने तळाला खाचरातली माती आणि वर धुतलेली वाळू पसरली होती, पाणी वीतभरच ठेवलं होतं. "एकेक काडी वेगळी लावायची," ती म्हणाली. "जुडी लावली की मधली अंधारात मरते. आणि चिमट्याने तिरकी खोचा. सरळ खोचली की वर येते."

माझी वर आली. पुन्हा खोचली, पुन्हा आली.

"आईला पहिल्याच खेपेला जमलं होतं," ती म्हणाली आणि थांबली. मग कात्रीकडे बघत म्हणाली, "मावशी काल बोलली ते मला आवडलं नाही. पण तिला काय बोलू? सुरुवात मीच केली होती."

मी म्हणालो, "सुरुवात तू नाही केलीस."

"म्हणजे?"

"ड्रममधलं पाणी मी बदललं होतं. आदल्या दिवशी. शिळवलेलं पाणी मी स्कूटर धुवायला वापरलं आणि टँकरचं भरून ठेवलं."

तिने कात्री परातीत ठेवली.

"आईला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"नंतर कधी?"

"नाही."

"दवाखान्यात?"

मी नकारार्थी मान हलवली.

तिने विचारलं, "मी तिला काय बोलले होते, तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही घरात होतात?"

"स्वयंपाकघरात."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रागावली असती तरी चाललं असतं. तिने परातीतली एक काडी उचलली, खालची पानं खुडली, मग तीच काडी परत परातीत ठेवली. उठून हात धुतले. संध्याकाळी जेवण केलं, मला वाढलं, औषधाच्या गोळ्या दिल्या. सकाळच्या एसटीने निघाली. दारात म्हणाली, "उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्यात. तुम्ही लावा."

मी लावल्या. माझा हात जड आहे, चिमट्यात काडी चेपते. चेपलेल्या बाजूला ठेवल्या, बाकीच्या तिरक्या खोचल्या. दुपार गेली. ओटीवर तेवढा वेळ कोणी बोलत नव्हतं.

आठवडाभरात पानं गळायला लागली. वाळूवर कचरा साचला, वर नुसत्या काड्या उरल्या. मला तो जुना टँक आठवला आणि मी मुलीला फोन केला. तिने उचलला.

"पानं गळतायत," मी म्हणालो.

"गळणारच. बाहेर वाढलेली पानं पाण्यात टिकत नाहीत. गळलेली तेवढी जाळीने काढा. काडी कडक आहे का बघा."

"कडक आहे."

"मग उपटू नका." आणि पुढे म्हणाली, "आईने तेव्हा सगळं उपटलं ना, उपटायला नको होतं. एकदोन काड्या तरी परत फुटल्या असत्या. मला ते माहीत होतं. मीही तिला सांगितलं नाही, तिला अजून वाईट वाटावं म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशीला सांगितलंत?"

"अजून नाही."

"आधी तिला सांगा. जिथे जिथे हसलात तिथे सांगा. मग मला फोन करा."

मी दाभोशाला गेलो. पत्नीची बहीण अंगणात नाचणीची कणसं पसरत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर तिने आधी चहा विचारला असता आणि माझ्याने झालं नसतं. ती कणसं पसरत राहिली. मग म्हणाली, "तिने मला एकदा विचारलेलं, माझ्या हातात काय दोष हाय का गं? मी हसलेली, भावोजी. मला वाटलं, चेष्टा करते." एवढं बोलून ती आत गेली. सुनेच्या हाती चहा पाठवला, स्वतः बाहेर आली नाही. मी चहा घेतला आणि रस्त्यावर जाऊन जीपची वाट बघत उभा राहिलो.

बाकीचे नातेवाईक पांगलेले आहेत. व्याही थकले आहेत, काहींना ऐकू येत नाही, काही उरले नाहीत. प्रत्येकाच्या दारी जाणं आता मला झेपत नाही, म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली आणि सांगितली, त्यांनी हे वाचावं. ते पाणी माझं होतं. तिने ड्रम भरून नेमाने ठेवला होता, फडकं बांधलं होतं, वाकून हुंगलं होतं. तिच्या हातात दोष नव्हता.

टँकमध्ये अजून मासे सोडलेले नाहीत. काही काड्या मऊ पडल्या, त्या काढून टाकल्या. बाकीच्या उभ्या आहेत, आणि काचेला नाक लावून पाहिलं तर काहींच्या पेरांशी केसाएवढं बारीक हिरवं दिसतं. डोळे अधू आहेत, खात्री नाही. मुलगी दिवाळीत आली तर बघेल. येईन असं म्हणालेली नाही.

अंगणात निळा ड्रम नाही, तो केव्हाच फुटला. एक पांढरा आणला आहे. पाणी भरून ठेवतो, वाकून हुंगतो, वर फडकं बांधतो. गाठ माझी मारतो, सुलटी.